‘मुळातच मोकळे’ हे काही पटलं नाही

जर्मन लोक समलिंगी नात्यांच्या बाबतीत मुळातच मोकळे, असं एका प्रतिसादात कुणीतरी म्हटलंय. बाकी प्रतिसाद पटला, पण ‘मुळातच’ला हरकत आहे. समलिंगी पुरुषांविरुद्धचं कलम १७५ नाझींनी १९३५ मध्ये आणखी कडक केलं, आणि युद्धानंतर पश्चिम जर्मनीनं ते १९६९ पर्यंत तसंच चालवलं. त्या काळात सुमारे ५० हजार पुरुषांना शिक्षा झाल्या! कलम पुरतं गेलं १९९४ मध्ये.

समलिंगी जोडप्यांना लग्नाचा हक्क ३० जून २०१७ ला संसदेत ३९३ विरुद्ध २२६ मतांनी मिळाला. खासदारांना सदसद्विवेकानं मत देण्याची वाट तेव्हाच्या चॅन्सेलर (सरकारप्रमुख) मर्केलबाईंनीच मोकळी केली, आणि स्वतः मात्र विरोधात मत दिलं. (मुरलेलं राजकारण, दुसरं काय.)

रोजच्या जगण्यातली अडचण वेगळीच. दोन बायकांच्या संसारात मूल जन्मलं, तर जन्म देणारी तेवढी कायद्यानं आई. दुसरीला आपल्याच घरातलं मूल रीतसर दत्तक घ्यावं लागतं. लग्नाचा नवरा असता तर तो आपोआप बाप ठरला असता.

आणि एएफडी या कडव्या उजव्या पक्षाचं काय सांगावं? कुटुंब म्हणजे आई, बाप आणि मुलं, असं पक्षाचा जाहीरनामा सांगतो. सहअध्यक्षा आलिस वायडेल यांची जोडीदार मात्र स्त्री आहे.