मदत हवी आहे: आईबाप ऊसतोडीला गेलेत, मुलांची एसडीक्यू भरणार कोण?

नमस्कार. बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेवर आहे, तिसरी-चौथी माझ्याकडे. मुलांच्या मानसिक आरोग्याच्या प्राथमिक तपासणीसाठी एका संस्थेने एसडीक्यू, म्हणजे मुलांची बलस्थानं आणि अडचणी टिपणारी प्रश्नावली दिली आहे. रॉबर्ट गुडमन यांची, १९९७ सालची, २५ वाक्यांची. प्रत्येक वाक्यापुढे 'खरे नाही', 'थोडेफार खरे' किंवा 'नक्की खरे' अशी खूण करायची. एक प्रत शिक्षकाची, एक पालकाची. स्वतः मुलांनी भरायची प्रत अकरा वर्षांपुढची, म्हणजे आमच्याकडे सगळी भिस्त मोठ्यांच्या नजरेवर.

गेल्या सहा महिन्यांतलं वागणं पाहून उत्तरं द्या, असं त्यात म्हटलंय. इथे निम्म्याहून जास्त मुलांचे आईबाप दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन गेले, ते आता पट्टा पडल्यावरच, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावरच येणार. मुलं आजीजवळ, नाहीतर हंगामी वसतिगृहात. बापाला फोन लावला तर "सर, तुम्हीच बघा."

एका आजीला वाक्यं वाचून दाखवली. पोट, डोकं दुखतं म्हणून सारखी तक्रार करतो का? म्हातारी म्हणाली, "माय गेल्यापासून दुखतंयच की. तिचा फोन आला की राहतंय." मी 'नक्की खरे'वर खूण केली, अडचणींच्या बेरजेत २ गुण चढले (बेरीज जास्त, तेवढी अडचण जास्त). पण याला काय म्हणायचं, आजार?

उलट चौथीतली एक मुलगी धाकट्या भावाला घेऊनच वर्गात बसते. बोलत नाही, हसत नाही, तिच्याबद्दल कुणाची तक्रारही नाही. तिची बेरीज अगदी कमी आली. 'लहान मुलांशी मायेने वागते' यावर मात्र पैकीच्या पैकी, आणि ते गुण अडचणींच्या बेरजेत धरतच नाहीत. दंगेखोर पोरं आम्हाला कागदाशिवायही कळतात हो!

तर, पालकांची प्रत आजीने भरली तर चालेल का? आणि बेरीज जास्त आली तर पाठवायचं कुठे? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टर वर्षातून एकदा येतात. त्यांच्या यादीत अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, एडीएचडी (लक्ष न लागणं, अतिचंचलपणा) आहे. आमच्या मुलांच्या वयाला धास्ती, उदासी नाही.

प्रतिसाद (समुपदेशक, पुणे):
सर, आजीच भरू देत. शेवटी नातं लिहायला जागा असते, तिथे 'आजी' लिहा. एसडीक्यूची एक मोठी आवृत्तीही आहे. अडचण किती महिन्यांपासून आहे, मुलाला तिचा त्रास होतो का, घर, मैत्री, अभ्यास, खेळ यांत आड येते का, हे त्यात विचारतात. पोटदुखीचं उत्तर तिथे सापडेल. बेरजेवरून निदान करू नका. त्या मुलीची बेरीज कमी असली तरी तिला दाखवाच, शिक्षकाला वाटलेली काळजी पुरेशी आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक जिल्हा रुग्णालयात विचारा. तोवर टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास मोफत आहे. तुम्ही स्वतःही फोन करू शकता. आणि भरलेले कागद कुलपात ठेवा, गावात 'डोक्याची तपासणी' झाली म्हणून बोभाटा नको.

धागाकर्ता:
आभारी आहे मॅडम. मोठी आवृत्ती संस्थेकडे मागतो. मुलीचं एक अडतंय: जिल्ह्याला न्यायला घरचं माणूस हवं, आणि आजीला चालवत नाही. मुकादम मध्येच आईला सोडत नाही, उचल (आगाऊ मजुरी) घेतलेली. असं मूल कुणी नेलंय का? संमती फोनवर घेतली होती का, की लेखी लागली?