मदत हवी आहे: भाकरी, स्कूटी, शाळा आणि पहाटेचं चालणं. या दिवसाला कोणता फिटनेस बँड पुरेल?

हुरडा

नमस्कार मंडळी. मी जिंतूरला राहते, तालुक्यातल्याच एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. वय ४१. दिवाळीनंतर रक्त तपासलं, एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ६.२ आलं. डॉक्टर म्हणाले, अजून मधुमेह नाही, पण तुम्ही उंबरठ्यावर उभ्या आहात. रोज चाला, वजन पाच किलो उतरवा, तीन महिन्यांनी परत या.

चालायला लागले. किती चालते ते कळावं म्हणून गेल्या महिन्यात बाजारातून बाराशे रुपयांचं घड्याळ घेतलं. दुकानदार म्हणाला, यात बीपी, शुगर, सगळं दिसतं. तीन दिवस मी त्या आकड्यांवर विश्वास ठेवला. चौथ्या दिवशी संशय आला म्हणून घडी केलेल्या टॉवेलला ते गुंडाळलं. टॉवेलचं बीपी ११८/७६ आणि शुगर ९८ निघाली. माझा फार संताप झाला. माझ्या आईचा मधुमेह कित्येक वर्षं कळलाच नाही, शेवटी पायाचं बोट काढावं लागलं. ज्या घरानं हे बघितलंय तिथं शुगरचा खोटा आकडा दाखवणं मला साधी फसवणूक वाटत नाही.

आता नीट विचार करून घ्यायचंय. माझा दिवस सांगते, म्हणजे सुचवायला सोपं जाईल. सव्वापाचला नेमगिरीच्या रस्त्यानं पाऊण तास चालते, बहुतेक साडीवर. आल्यावर दहा-बारा भाकरी. मग बारा किलोमीटर स्कूटी, रस्ता खराब. शाळेत दिवसभर उभी, पण ऑनलाइन माहिती भरायची असली की दोन-दोन तास खुर्ची सुटत नाही. रविवारी शेतात, सध्या कापूस वेचणी. दोन्ही हातांत बांगड्या असतात. लाइटीचा भरवसा नाही. फोन साधा अँड्रॉइड आहे. सहा हजारांपर्यंत जाऊ शकते. कॉल घेणं, गाणी, घड्याळातून पैसे देणं यातलं काहीही नको. मला खरे आकडे हवेत, मग ते थोडे असले तरी चालतील.

गंगाकाठ

ताई, नांदेडला माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, रोज असली घड्याळं उघडतो. तुम्ही दिवस लिहिला ते फार बरं केलं. लोक नुसतं "चांगलं कोणतं" विचारतात, आणि त्याला उत्तर नसतं.

आधी पावलांचं. घड्याळाला पाय दिसत नाही. आत हालचाल ओळखणारा एक छोटा सेन्सर असतो. हात ठरावीक लयीत हलला की ते समजतं, पाऊल पडलं. म्हणून भाकरी थापताना पावलं वाढतील. खराब रस्त्यावर हँडल धरलं तरी वाढतील. उलट एका हातात पिशवी आणि दुसऱ्यानं पदर सावरत चाललात तर खरी पावलंही कमी भरतील. महागातलं घड्याळ ही चूक कमी करतं, पण पूर्ण जात नाही. त्यावर उपाय दोन. एक, सकाळचं चालणं घड्याळात "वॉक" सुरू करून मोजायचं आणि आल्यावर बंद करायचं. बाकी दिवसाच्या पावलांचा हिशोब ठेवायचाच नाही. दुसरा, कमरेला क्लिपनं लावता येईल असा ट्रॅकर. फिटबिटच्या इन्स्पायर मालिकेला तशी क्लिप मिळते. कमरेवर भाकरीचा त्रास नाही, पण तिथं हृदयाचे ठोके मोजले जात नाहीत, हे लक्षात असू द्या.

ठोके कसे मोजतात तेही सांगतो. मागच्या बाजूला हिरवे दिवे लुकलुकतात ना, तो उजेड कातडीत जातो. रक्त हिरवा उजेड शोषतं. दर ठोक्याला तिथलं रक्त कमी-जास्त होतं, तसा परत येणारा उजेडही बदलतो, आणि त्यावरून गणित होतं. पट्टा ढिला असला, मधे बांगडी अडकून बाहेरचा उजेड आत शिरला, की आकडा गेलाच. मनगटाच्या हाडाच्या दोन बोटं वर, कोपराच्या बाजूला बांधा. बांगड्या खाली, पट्टा वर. चालताना एक भोक घट्ट, घरी आलं की सैल. रात्रंदिवस घट्ट बांधून घामानं कातडी लाल झालेली गिऱ्हाईकं उन्हाळ्यात रोज येतात. पट्टा धुवा, पूर्ण वाळवा, मगच घाला.

आता दुकानदार सांगणार नाही ते. पट्टा साध्या २० किंवा २२ मिलिमीटरच्या मापाचा घ्या. तो कुठल्याही गावात शंभर-दीडशेला मिळतो. कंपनीच्या खास खाचेचा पट्टा तुटला की तुम्ही अडकलात. चार्जरचं तसंच. प्रत्येकाची पिन वेगळी असते, हरवली तर मागवावी लागते. म्हणून घेतानाच विचारा की नुसता चार्जर सुटा मिळतो का. बॅटरी कागदावर चौदा दिवस लिहिलेली असते. सतत ठोके आणि झोप मोजणं चालू ठेवलं की त्याच्या निम्मी धरून चाला. तुमच्या लाइटीला सात दिवस खरे चालले तरी पुरे. स्क्रीन कायम उजळ ठेवायची सोय बंदच ठेवा.

राहिला उन्हाचा प्रश्न. कापूस वेचताना साध्या पडद्यावर काही दिसणार नाही. गार्मिनच्या फोररनर ५५ सारख्या घड्याळात असा पडदा असतो की ऊन जितकं जास्त तितका तो स्पष्ट दिसतो. पण ते तुमच्या रकमेच्या बरंच वर जाईल आणि तुम्हाला त्याची गरज नाही.

सोळाशे मीटर

मॅडम, मी लातूरला पोलीस भरतीची तयारी करायलोय. आमच्या ग्राउंडवरच्या पोरांकडं सगळ्या तऱ्हेची घड्याळं हायेत म्हणून सांगतो. जीपीएस दोन प्रकारचं असतंय. एक घड्याळातच असतंय, दुसरं फोनचं उसनं घेतंय. दुसऱ्यात फोन खिशात लागतोय, न्हाई तर घड्याळ पावलांवरून अंतराचा नुसता अंदाज काढतंय. मला १६०० मीटरची वेळ काढायची, म्हणून घड्याळातलं जीपीएस लागलं. आणि ते बी गोल ट्रॅकवर चुकतंय, चार फेऱ्यांत पन्नास मीटर इकडं तिकडं होतंय. आमचे सर अजून स्टॉपवॉचच वापरतेत. तुम्ही रोज त्याच रस्त्यानं जाता, तर एकदा गाडीवरून अंतर मोजून ठेवा. जीपीएसला पैसे घालू नका.

बालाघाट

हुरडाताई, मी अंबाजोगाईला लॅब टेक्निशियन आहे. टॉवेलची गोष्ट वाचून वाईट वाटलं, पण तुम्ही तपासून बघितलंत हे फार महत्त्वाचं आहे. आमच्याकडं लोक घड्याळातला आकडा दाखवून म्हणतात, शुगर नॉर्मल आहे, आता कशाला रक्त देऊ?

कातडीला सुई न लावता रक्तातली साखर मोजणारं घड्याळ किंवा अंगठी आज नाही. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय यंत्रं मंजूर करणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेनं, फेब्रुवारी २०२४ मध्ये लोकांना तशी जाहीर सूचनाच दिली, की असा दावा करणारं एकही यंत्र आम्ही मंजूर केलेलं नाही, ते वापरू नका. त्या आकड्यावर इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्याचा जीव जाऊ शकतो. दंडावर चिकटवायचा सेन्सर येतो, चौदा दिवस टिकणारा, तो वेगळा. त्याची बारीक तार कातडीखाली जाते. तुमच्या टप्प्यावर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय त्याचीही गरज नाही.

बीपी हवं असेल तर दंडाला फुगा बांधायचं मशीन घ्या. सॅमसंगच्या ज्या घड्याळांत बीपी येतं त्यांनाही दर चार आठवड्यांनी फुग्याच्या मशीनशी जुळवून घ्यावं लागतं. मग बाराशेच्या घड्याळानं ते आपोआप कसं मोजलं असेल?

कॅलरीचा आकडाही सोडून द्या. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये सात यंत्रं तपासली. सातांपैकी सहांचे ठोके बऱ्यापैकी बरोबर निघाले, चूक पाच टक्क्यांच्या आत. कॅलरीत मात्र सगळ्यांत चांगलं यंत्रसुद्धा सरासरी २७ टक्के चुकलं. एवढ्या चुकीवर कुणी जास्तीची भाकरी खाऊ नये.

टेकडीवरून

मी छत्रपती संभाजीनगरला असतो, निवृत्त आहे, वय ६७. रोज गोगाबाबा टेकडी चढतो. ताई, एक विचारून ठेवतो: तुम्हाला बीपीच्या किंवा धडधडीच्या गोळ्या आहेत का? मला मेटोप्रोलॉल आहे. ही गोळी ठोके वाढूच देत नाही. मुलानं हौसेनं घेऊन दिलेलं घड्याळ मला रोज सांगायचं की तुमचा व्यायाम फार हलका झाला, आणि मी जोर वाढवत गेलो. एकदा टेकडीवर डोळ्यांपुढं अंधारी आली. डॉक्टरांनी मग सांगितलं की या गोळीवर ते गणित लागू पडत नाही. घड्याळाला तुमची औषधं माहीत नसतात. घरात कुणी वडीलधारी मंडळी घड्याळ वापरत असतील तर त्यांनाही एवढं सांगा.

हुरडा

काका, काळजीनं लिहिलंत, खूप आभार. मला तशी गोळी नाही. पण सासऱ्यांना बीपीची गोळी आहे, नाव बघून घेते.

गंगाकाठ दादा, तुमचं वाचून जावेकडून तिचा साधा बँड आठवडाभर मागून आणला. सकाळी रस्त्यावर पाचशे पावलं तोंडानं मोजली, बँडनं ४८८ दाखवली. हे मला पटलं. अकरा भाकरींत १४० पावलं चढली. शाळेपर्यंत स्कूटीवर २१०. दिवसाच्या दहा हजारांत अशी खोटी पावलं किती असतील, हा विचार मनातून जाईना. बालाघाट, मला सांगा, दहा हजार हा आकडा डॉक्टरांचा आहे का? आमच्या स्टाफरूममध्ये सगळ्याजणी तोच धरून बसल्यात.

बालाघाट

नाही ताई. १९६५ मध्ये जपानमध्ये एक पावलं मोजणारं यंत्र विकायला आलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलांचं मीटर' अशा अर्थाचं होतं. तिथून तो आकडा जगभर गेला. वाईट काही नाही त्यात, पण तो औषधाचा डोस नाही.

तुम्ही मिनिटं मोजा. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम जोराचा व्यायाम सांगते. मध्यम म्हणजे चालताना शेजारणीशी बोलता येतं, पण ओवी म्हणायला गेलं तर दम लागतो. ठोक्यांत बघायचं तर मिनिटाला जास्तीत जास्त ठोके २२० वजा वय, म्हणजे तुमचे १७९. त्याचे साधारण ६४ ते ७६ टक्के, म्हणजे ११५ ते १३५ च्या आसपास. हा ढोबळ हिशोब आहे. आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा ४२ च्या पुढं जातो, तेव्हा त्याच चालीला ठोके जास्त दिसतील, कारण अंग थंड ठेवायलाही हृदयाला काम पडतं. घाबरू नका, चाल कमी करा.

अजून एक, आणि तुमच्यासाठी मला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं की चालणारे स्नायू रक्तातली साखर वापरतात, जेवणानंतरची उसळी कमी राहते. शाळेत डबा खाल्ल्यावर मैदानाला फेऱ्या मारा. तासभर बसलं की मनगटावर थरथरून उठवणारी सोय असलेला बँड घ्या. ऑनलाइन माहिती भरताना तीच उपयोगी पडेल.

हुरडा

ठरवलं. क्लिपवाला नको, कारण मला ठोके बघायचेत. साधा बँड, जीपीएस नाही, २० मिलिमीटरचा पट्टा, पाण्यासाठी ५ एटीएम (पन्नास मीटर पाण्याइतका दाब सोसणारं) लिहिलेलं, बसून राहिलं की थरथरणारा. भाकरी करताना काढून फळीवर ठेवणार, स्कूटीवर पर्समध्ये. उरलेल्या पैशांत सासऱ्यांसाठी दंडाचं बीपी मशीन बसतंय का ते बघते.

काल डबा खाऊन मैदानाला सहा फेऱ्या मारल्या. चौथीतल्या तीन मुली काही न विचारता सोबत आल्या आणि पाढे म्हणत चालल्या. मला बोलता येत होतं, म्हणजे जोर बरोबर असावा.

शनिवारी परभणीला जातेय खरेदीला. गंगाकाठ दादा, दुकानात उभ्या उभ्या पट्ट्याचं माप कसं ओळखायचं, तेवढं शुक्रवारपर्यंत सांगा.

गंगाकाठ

पट्टा जिथं घड्याळाला बसतो तिथली रुंदी. घरून मुलांची पट्टी न्या आणि मोजा, दोन सेंटिमीटर भरली पाहिजे. पट्ट्याच्या आतल्या बाजूला बारीक खिटी असते, ती नखानं सरकवली की पट्टा सुटतो. सुटला तर साधा, तो घ्या. आणि बिलावर दुकानाचा शिक्का मारून घ्या, वॉरंटीला तोच लागतो.