वीज कडाडली की तुमची आई काय करायची?

पागोळी

काल संध्याकाळी इथे वळीव कोसळला. दिवे गेले, खिडक्या धाडधाड आपटायला लागल्या आणि लेक कानावर हात ठेवून सोफ्यावर चढली. तिला जवळ घेतलं आणि माझ्याच तोंडून आपसूक निघालं, "अर्जुन, फाल्गुन, जिष्णु, किरीटी..." लेक म्हणे, हे कोण सगळे? मला हसू आवरेना. कित्येक वर्षांत ही नावं घेतली नव्हती.

आमचं घर हर्णैच्या अलीकडे, जरा उंचावर. पडवीतून समुद्र दिसायचा. मे संपत आला की आगोटीची धावपळ असायची: लाकडं आत, गोवऱ्या आत, पापड-फेण्या डब्यात. आणि अशाच एखाद्या दुपारी पाण्यावर काळं काहीतरी उभं राहायचं. शेजारी मुलांना माजघरात कोंडायचे, आमची आई मुद्दाम पडवीत घेऊन बसायची. खाली लाकडी पाट, पाय पाटावर, भिंतीला टेकायचं नाही. पाऊस समुद्रावरून चालत येताना दिसतो हे किती जणांना माहीत आहे कोण जाणे. आधी पाण्याचा रंग जातो, मग खालच्या वाडीतले माड वाकतात, मग कौलावर पहिला टप्प. आईची नावं चालूच असायची, मध्येच थांबून म्हणायची, "ती बघ, ती बघ, केवढी लांब गेली!" पाहुणी आल्यासारखं कौतुक चालायचं विजेचं. भाऊ विचारायचा, आपल्यावर पडली तर? "पडली तर त्याची इच्छा. तू आधी मांडी घालून नीट बस."

एवढा भरवसा माझ्यात नाही. काल मी मेणबत्ती शोधताना थरथरत होते. तुमच्या आयांचं सांगा.

चहाबाज

अर्जुन, फाल्गुन, जिष्णु, किरीटी, श्वेतवाहन, बीभत्सु, विजय, कृष्ण, सव्यसाची, धनंजय. झाली दहा! बीभत्सुला हमखास अडखळायचो आणि आईला वाटायचं आता पडणार घरावर. अर्जुन इंद्राचा मुलगा, वज्र इंद्राचं, म्हणजे मुलाचं नाव घेणाऱ्याला बाप कसा मारेल, असा सरळ वशिल्याचा मामला.

मावशीबाई

वशिला 😄😄 आमच्याकडे पण हेच. शिवाय आरशावर टॉवेल.

मामाचा_गाव

मामा-भाचे प्रकरण कोणी लिहिलं नाही अजून? कंसाने देवकीची म्हणून जी मुलगी आपटायला उचलली ती हातातून निसटून वीज झाली. म्हणजे वीज कंसाची भाची, आणि तेव्हापासून ती मामाच्या शोधात. म्हणून गडगडायला लागलं की मामा-भाच्यांनी एका छपराखाली थांबायचं नाही. आता मी सुट्टीभर मामाकडेच. आभाळ भरलं की आई (तीही माहेरपणाला आलेली) मला गोठ्यात पाठवायची आणि तिचा भाऊ घरात चहा पीत बसायचा. मी म्हणायचो त्याला पाठव ना गोठ्यात! "तो मोठा आहे." मी आणि म्हैस दोघं मिळून वादळ बघायचो. म्हैस शांत असते हो, रवंथ सुद्धा थांबवत नाही.

पागोळी

@मामाचा_गाव गोठा हाहाहा. हे साफ विसरले होते. आमचा मामा पाऊस आला की स्वतःच उठून शेजारी जायचा, गप्पा मारायला निमित्त.

पायाळू

नावावरून कळलंच असेल. मी पायाकडून जन्मलो. पायाळू माणसाकडे वीज ओढली जाते असं आमच्याकडे पक्कं मानतात, त्यामुळे ज्या मजा तुम्ही लिहिताय त्यातली एकही माझ्या वाट्याला नाही. ढग दिसला की शाळेत निरोप. मास्तर पण गावचेच, ते लगेच सोडायचे, पोरं जळायची. घरी आलो की आई मधल्या खोलीत कोठीमागे घोंगडीवर बसवायची आणि स्वतः दाराकडे तोंड करून माझ्यासमोर बसायची, पाठ माझ्याकडे. तिची ती पाठ मला अजून आठवते. लुगड्यावर घामाचा डाग, मान ताठ, हात जोडलेले. देवीला बजावायची, "याला न्यायचं तर माझ्यावरनं जा." विनंती नव्हती ती. सगळी मुलं वादळ बघतात, मी आईची पाठ बघितली.

बारावीनंतर हॉस्टेलला पहिलं वादळ गच्चीवरून पाहिलं. तिला कधी सांगितलं नाही.

मावशीबाई

@पायाळू काय लिहिलंत. डोळ्यांत पाणी आलं, कुकर लागलाय म्हणून उठते.

तळेगावकर

धागा छान आहे पण राहवत नाही म्हणून लिहितो. पाट वगैरे ठीक, पण पडवी सुरक्षित नाही. चारी बाजूंनी बंद पक्कं घर हवं, नळ आणि वायरींपासून लांब. लखलखाट दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा आणि तीनने भागा, साधारण तेवढे किलोमीटर लांब पडली. आवाज ऐकू येतोय म्हणजे तुम्ही टप्प्यात आहातच. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. झाडाखाली तर अजिबात नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं दामिनी ॲप आहे, आसपास वीज पडत असेल तर इशारा देतं. घ्या सगळ्यांनी.

चहाबाज

आले मास्तर.

तळेगावकर

हसा. माझी आई पण सेकंदच मोजायची बरं का, फक्त "एक दोन तीन" ऐवजी "राम राम राम" म्हणत. बारा राम झाले की म्हणायची, डोंगरापलीकडे पडली. चार किलोमीटर, बरोबर डोंगराएवढंच अंतर!

झावळी

आम्ही वसईचे, ख्रिस्ती. पाम संडेला चर्चमधून आशीर्वादित झावळी आणतात ती आमच्याकडे वर्षभर वेदीवरच्या तसबिरीमागे खोचलेली असायची, वाळून पिवळी. मोठं वादळ आलं की आई तिचा बोटभर तुकडा तोडून जाळायची आणि गुडघ्यावर बसून रोझरी सुरू. आम्ही भावंडं मागे, अर्धं लक्ष प्रार्थनेत, अर्धं खिडकीत. वीज जोरात चमकली की "ओ!" असा आवाज निघायचा आणि आई मागे न बघता हात मागे करून जो कोणी सापडेल त्याला चापटी. प्रार्थना एका शब्दाने तुटायची नाही.

मावशीबाई

मागे न बघता चापटी हे सर्वधर्मीय आहे.

बाणकोटची

कुराणात तेरावी सूरह आहे अर-रअद, म्हणजेच गडगडाट. ढगांचा गडगडाटसुद्धा त्याची स्तुती करतो असं त्यात येतं. अम्मी तेच सांगायची, ढग गरजतायत म्हणजे तेही दुआ करतायत, तू घाबरतेस कशाला, सोबत म्हण. मग ती म्हणायची आणि मागून मी. वारा फारच वाढला तर अब्बा अंगणात उभे राहून अजान द्यायचे. लहानपणी वाटायचं वारा खरंच ऐकतोय. (पागोळी, हर्णै म्हणजे आमच्या जवळच की!)

पागोळी

@बाणकोटची हो का! फत्तेगडाच्या बाजूला कोणी आहे का तुमचं? व्यक्तिगत निरोप करते.

दुष्काळी

तुमच्याकडे बघायला वादळ आणि आमच्याकडे गारा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपीट झाली ती आठवत असेल बऱ्याच जणांना. मी तेव्हा आठवीत. गहू काढणीला आलेला. आई पक्की माळकरी. गारा सुरू झाल्या तसा तिने अंगणात विळा फेकला, मग पहार, मग पत्र्याखालचं जे लोखंडाचं हाताला येईल ते. गारा थांबतात म्हणे त्याने. नाही थांबल्या. पत्र्याचा आवाज असा की ती ओरडत होती आणि मला फक्त तोंड हलताना दिसत होतं. नंतर वावर बघून आली आणि विठ्ठलाच्या फोटोसमोर उभी राहून त्याला अशी झापली की बाप पण गप्प. बरेच दिवस बोलणं बंद, म्हणजे विठ्ठलाशी. एकादशीला उपास मात्र केला. मी विचारलं तर म्हणे, "भांडण त्याच्याशी हाय, उपासाशी न्हाई."

पायाळू

@दुष्काळी आई आहेत का अजून? नमस्कार सांगा.

दुष्काळी

हायेत. आता मोबाईलवर हरिपाठ लावून शेतात जातात. दामिनी टाकून देतो त्यांना आजच.

सुपारी

श्रीवर्धनची आहे. निसर्ग चक्रीवादळ, ३ जून २०२०. लहान नव्हते मी, पण आईसमोर लहानच. कौलं पत्त्यांसारखी असं लिहिणार होते पण तशी नाही उडाली, एकेक उचकटून उडाली, हिशोबाने. आईने देवघरातला दिवा पत्र्याच्या डब्यात ठेवून पलंगाखाली नेला आणि आम्ही सगळे त्याभोवती पालथे. मध्येच वारा एकदम पडला. मी उठायला गेले तर तिने पदर धरून ओढलं. "अजून अर्धं आहे, आता उलटा येईल." तिचे वडील होडीवर होते, त्यांच्याकडून ऐकलेलं. आणि आला, दुसऱ्या बाजूने. बाहेर आलो तर वाडीत एक पोफळ उभी नाही, आजोबांच्या हातची झाडं. आई म्हणाली माणसं आहेत ना. मग आत गेली आणि खूप वेळ बाहेर आली नाही.

लाइट यायला किती आठवडे लागले ते विचारू नका.

मावशीबाई

❤️

बुडबुडा

माझी आई नास्तिक. गडगडलं की फक्त म्हणायची, टीव्हीची पिन काढ.

चहाबाज

@बुडबुडा सगळ्यात उपयोगी मंत्र.

तळेगावकर

+१. अँटेनाची वायर पण.

नवी_सून

नुसती वाचत होते. आमच्या सासूबाई आत्ता बाल्कनीत उभ्या राहून दहा नावं म्हणतायत आणि मी आत सेकंद मोजतेय. सहावर आलंय. त्यांना आत कसं बोलवू? ऐकत नाहीत.

पागोळी

@नवी_सून बीभत्सु चुकला म्हणून सांग, धावत येतील पुस्तक बघायला.

नवी_सून

आल्या! आता मलाच पाठ करायला बसवलंय.

मामाचा_गाव

मामाला हा धागा पाठवला. उत्तर आलं, "यंदा मृगात येणार असशील तर आधी कळव, गोठा विकलाय."