बॅट्समन ऑफला सरकला, बॉल लेगला गेला: वाइड द्यायचा की नाही? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आमच्या ऑफिसची १५ षटकांची आंतरविभागीय स्पर्धा येत्या रविवारी मुंबईच्या ओव्हल मैदानावर आहे. नियमांचं एक पान लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. बाकी सगळं लिहून झालं, घोडं पेंड खातंय ते वाइडपाशी, म्हणजे बॅट्समनच्या आवाक्याबाहेर गेलेल्या बॉलपाशी.

गेल्या वर्षीची सेमीफायनल. तीन बॉल, चार रन हवे. बॅट्समन उजव्या हाताचा (ऑफ म्हणजे त्याच्या समोरची बाजू, लेग म्हणजे पाठीमागची), गार्ड, म्हणजे अंपायरला विचारून घेतलेली उभं राहायची जागा, मिडल-लेगचा. बॉलर धावत येत असतानाच पठ्ठ्या तिन्ही स्टंप उघडे टाकून ऑफला सरकला. बॉलरने ते पाहून लेग स्टंपवर यॉर्कर टाकला, तो स्टंपच्या बाहेरून जेमतेम चार बोटांवरून गेला. कीपर ऑफला झुकलेला, तो हुकला. बॉल थेट शेजारच्या मॅचच्या पॉइंटच्या फील्डरच्या पायात. अंपायरने आधी हात पसरले, मग चौकार दाखवला. पाच वाइड, मॅच खलास.

अंपायर मी होतो. बॅटिंगही आमचीच होती. (मैदानात अंपायर बॅटिंग टीमचाच असतो, हे मुंबईकरांना वेगळं सांगायला नको.) देवाशपथ लबाडी नव्हती. लेगला गेला की वाइड, एवढंच डोक्यात होतं. तो बॉलर अकाउंट्सचा. त्या दिवसापासून माझी बिलं त्याच्या टेबलावर सगळ्यांत खाली असतात.

आता वाचायला बसलो तर डोकं भणभणलं. क्रिकेटचे मूळ नियम लिहिणाऱ्या एमसीसीने ऑक्टोबर २०२२ पासून नियम बदललाय: बॉलरने रन-अप सुरू केल्यापासून बॅट्समन जिथे जिथे उभा होता, त्या सगळ्या जागा धरायच्या. आयसीसीने जुलै २०२५ पासून वनडे आणि टी-२० मध्ये चाचणी सुरू केली, तिथे बॉल सुटताना पाय कुठे होते ते बघायचं. शिवाय पिचच्या राखीव पट्ट्याची (जिथे बॉलरने धावायचं नसतं) खूण पॉपिंग क्रीझपर्यंत, म्हणजे बॅट्समनच्या पुढच्या रेघेपर्यंत, वाढवायची, आणि पाय आणि ती रेघ यांच्या मधून गेलेला लेगचा बॉल वाइड नाही.

कागदावर ठीक आहे हो. पण बॉल सुटतो त्या क्षणी माझी नजर बॉलरच्या पुढच्या पायावर असते, नो-बॉलसाठी. बॅट्समनचे पाय कोण बघणार? स्क्वेअर लेगवाल्याला तो पुढे आला की मागे गेला ते कळतं, ऑफला किती सरकला ते तिथून दिसत नाही. आयपीएलमध्ये २०२३ पासून वाइडवरही रिव्ह्यू घेता येतो, आमच्याकडे रिव्ह्यू म्हणजे सगळ्यांनी मिळून अंपायरला घेरणं.

तर एमसीसीचा नियम लिहू की आयसीसीचा? आणि स्विच हिटचं, म्हणजे ऐनवेळी उजव्याचा डावरा होऊन मारतात त्याचं, काय करायचं?

प्रतिसाद

बरीच वर्षं मैदानात उभा राहतोय, म्हणून सांगतो. एमसीसीचाच घ्या. गार्ड तुम्हीच दिलेला असतो, म्हणजे मूळ जागा तुम्हाला ठाऊक असते. बॉल सुटतानाचा फोटो डोळ्यांनी काढत बसू नका. बॉल गेल्यावर मनाशी एकच विचारा: हा गार्डवर उभा राहिला असता तर बॉल पॅडवर बसला असता का? बसला असता तर वाइड नाही. सरकून त्याने स्वतःच बॉल लांब केला, त्याची भरपाई बॉलरने का करायची? तुमचा तो बॉल २०२२ च्या आधीही वाइड नव्हताच, राग मानू नका.

रेघ मात्र आयसीसीची उचला. मिडल स्टंपपासून एक फूट, म्हणजे लेग स्टंपच्या बाहेर साडेसात इंच, एक वीतही नाही. फक्कीने दोन्ही बाजूंना मारा, डावरे असतातच. बॅट्समन ऑफला सरकला असेल तर त्या रेघेच्या आतला लेगचा बॉल चांगला. ऑफची वाइडची रेघ मिडलपासून ३५ इंचांवर, तीही ठेवा. पण तो सरकून बॉलजवळ पोचला आणि नेहमीच्या फटक्याने मारता येण्यासारखा झाला, तर रेघेबाहेरचाही वाइड नाही.

स्विच हिट किंवा रिव्हर्स मारायला गेला की दोन्ही बाजूंना ऑफचाच हिशोब. लेगचा कडक वाइड विसरायचा.

आणि हात पसरायची घाई नको. बॉल विकेट ओलांडेपर्यंत थांबा. बॅटला किंवा अंगाला लागला तर वाइड नाहीच. वाइडवर स्टंपिंग आउट असतं, तेही पानावर लिहा, नाहीतर पुढच्या वर्षी त्यावरून घेरतील.

धागाकर्ता

मनापासून आभार! गार्डची युक्ती सोपी आहे, माझ्या डोक्यात आलीच नव्हती. असं लिहिलंय: "रन-अप सुरू झाल्यावर बॅट्समन ऑफला सरकला आणि बॉल लेगच्या एक फुटाच्या रेघेच्या आतून गेला, किंवा गार्डवर उभा असता तर त्याला लागला असता, तर वाइड नाही."

क्रीझवर स्पाइक्स घासून फक्की चार-पाच षटकांत पुसली जाणार, म्हणून पिशवी स्क्वेअर लेगच्या अंपायरकडे द्यायचं ठरवलंय.

मसुदा सकाळी अकाउंट्सच्या त्या बॉलरला पाठवला. दोन निळ्या टिका लगेच आल्या, उत्तर जेवणाच्या सुट्टीनंतर: "नियम छान. ते पाच रन कधी परत करताय?"