हाय-गेन ट्यूब अ‍ॅम्पला चॅनेल किती हवेत? माझं मत: एक

रिफवाला

नवीन हेड (स्पीकरशिवायचा गिटार अ‍ॅम्प) घ्यायचं म्हटलं की पोरांचा पहिला प्रश्न, "चॅनेल किती?" जणू केबलवाल्याकडून पॅकेज घेताहेत. चॅनेल म्हणजे एकाच अ‍ॅम्पमधला आवाजाचा वेगळा मार्ग, एक स्वच्छ (क्लीन), एक फाटका (हाय-गेन), असा.

मार्शलचा जेव्हीएम ४१०एच बघा. चार चॅनेल, प्रत्येकात हिरवा, केशरी, लाल असे तीन मोड, म्हणजे बारा आवाज. हा अ‍ॅम्प वापरणारे माझ्या ओळखीतले सगळे दोन, फार तर तीन आवाजांवर संसार करतात. उरलेल्या नऊ-दहांचे पैसे मात्र मोजलेले असतात.

आता त्याच कंपनीचा २२०३ घ्या, १९८१ पासून जेसीएम ८०० या नावाने विकला गेलेला. एक चॅनेल, एक प्रीअ‍ॅम्प व्हॉल्यूम, एक मास्टर (एकूण आवाजाचा नॉब). प्रीअ‍ॅम्पला (म्हणजे पहिल्या टप्प्याला) तीन ईसीसी ८३ ट्यूब, मागे पॉवरला चार ईएल ३४. संपला अ‍ॅम्प. स्लेयरच्या केरी किंगची सगळी कारकीर्द याच जातीच्या हेडवर उभी आहे. गेन (आवाज फाटण्याचं प्रमाण) कमी वाटला तर पुढे ट्यूब स्क्रीमर (ओव्हरड्राइव्ह पेडल) लावायचा, ड्राइव्ह शून्यावर, लेव्हल पूर्ण. तो खालचा बेस कापतो आणि पाम म्यूट (तळहाताने दाबून वाजवलेल्या तारा) एकदम आवळून येतात. क्लीन हवा असेल तर गिटारचा व्हॉल्यूम नॉब कशाला दिलाय?

जास्तीचे चॅनेल म्हणजे जास्तीचे रिले (आतले विजेवरचे स्विच), जास्तीचं वायरिंग आणि ऐन गिगला दगा द्यायला जास्तीच्या जागा. माझं मत ठाम आहे. ज्यांना पटत नाही त्यांनी यावं मैदानात.

तिसरी_तार

आले.

तुम्ही स्वतःची गाणी वाजवता, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच आवाज. आमचा कव्हर बँड आहे. एका गाण्यात कडवं स्वच्छ आर्पेजिओचं आणि धृपद सगळं फाडून येणारं, मध्ये उसंत एका ठोक्याची. त्या ठोक्यात मी करंगळीने व्हॉल्यूम नॉब तीनवरून दहावर नेऊ की पहिली कॉर्ड मारू?

आणि नॉब खाली करून मिळतो तो क्लीन खरा क्लीन नसतोच. ट्रेबल आधी मरतो, आवाज घोंगडीखालून आल्यासारखा येतो, शिवाय पातळी इतकी पडते की ड्रमरच्या हाय-हॅटखाली मी ऐकूच येत नाही. ट्रेबल ब्लीड बसवा म्हणाल, बसवलाय. ट्रेबल वाचतो, पातळी पडायची ती पडतेच.

तुम्ही ज्या जेव्हीएमची टिंगल केलीत त्याला दोन मास्टर आहेत, तेही फूटस्विचवरून बदलता येणारे. सोलोला दुसरा मास्टर दाबला की आवाज तोच, फक्त वर येतो. ही सोय ज्याला नको त्याने साउंडवाल्याला सोलोत फेडर ढकलायची आठवण करून देत बसावं.

रिफवाला

@तिसरी_तार, ताई, कव्हर बँडचं मान्य, पण मग तो हाय-गेन अ‍ॅम्पचा गिऱ्हाईकच नाही. फेंडरसारखा क्लीन अ‍ॅम्प घ्यायचा, पुढे डिस्टॉर्शन पेडल.

तिसरी_तार

पेडलमधला हाय-गेन आणि ट्यूबच्या चार-पाच पायऱ्यांमधून आलेला हाय-गेन एकच, असं तुम्हीच म्हणताय? मग २२०३ तरी कशाला बाळगता? विका, मी घेते.

सोल्डरगन

दुरुस्तीचं काम करतो, म्हणून दोघांनाही टोचणारं बोलतो. चॅनेल किती हा प्रश्नच फसवा आहे. दोन चॅनेलमध्ये सामायिक काय, ते बघा.

सोल्डानो एसएलओ १००, साल १९८७. दोन चॅनेल, पण बेस, मिडल, ट्रेबल एकच संच. पीव्ही ५१५०, साल १९९२, एडी व्हॅन हेलनसाठी बनलेला. तिथेही ऱ्हिदम आणि लीडला इक्यू (हेच बेस-मिडल-ट्रेबलचे नॉब) एकच. लीडचा आवाज जुळवला की ऱ्हिदमचा जो होईल तो आपला. म्हणून ५१५०चा क्लीन बदनाम आहे, आणि म्हणूनच पुढच्या ५१५० टू मध्ये दोन्हींना वेगळा इक्यू दिला. रिफवालेंचा नॉबचा उपाय इथे चालायचा नाही. २२०३ला गेनच्या पायऱ्या कमी, तो गिटारचा व्हॉल्यूम खाली केला की निवळतो. ५१५०चा लीड चॅनेल व्हॉल्यूम चारवर आणला तरी खरखरतच राहतो.

दुसरी गोष्ट, टोन स्टॅक (या नॉबांचं सर्किट) कुठे बसवलाय. मार्शल, सोल्डानो, ५१५० यांत तो गेनच्या पायऱ्या संपल्यावर येतो, म्हणजे आधी आवाज फाटतो, मग नॉबने त्याला आकार मिळतो. मेसा बूगीच्या मार्क मालिकेत उलटं. तिथे टोनचे नॉब लीडच्या गेनच्या आधी आहेत. ट्रेबल वाढवला की गेनही वाढतो, आणि बेस पाचवर ठेवला की खालच्या तारेवरचा रिफ नुसता चिखल. मार्क टू सी प्लस पहिल्यांदा हाताळणारा प्रत्येक जण सगळे नॉब मध्यावर ठेवतो आणि 'यात काय एवढं' म्हणून उठतो. बेस एक-दीडवर आणायचा, ट्रेबल सात-आठवर न्यायचा आणि हरवलेला बेस मागून ग्राफिक इक्यूवर भरून काढायचा. पाच पट्ट्या आहेत: ८०, २४०, ७५०, २२००, ६६०० हर्ट्झ. ८०ची वर, ७५०ची खाली, तो प्रसिद्ध इंग्रजी 'व्ही'. आता याच बेस नॉबवर, एक-दीडला, क्लीन चॅनेल वाजवून बघा. पत्र्याचा डबा. इथे वेगळा इक्यू ही चैन नाही, गरज आहे. २००९ च्या मार्क फाइव्हमध्ये तिन्ही चॅनेलना आपापले नॉब दिले ते उगाच नाही.

रिफवाला

म्हणजे सामायिक इक्यूचे दोन चॅनेल म्हणजे दीड चॅनेल. मग एकच बरा, हेच तर मी म्हणतोय!

सोल्डरगन

तुम्ही चॅनेलला नुसता प्रीअ‍ॅम्प समजताय. मेसाचा ड्युअल रेक्टिफायर उघडून बघा. त्यात मॉडर्न मोड लावला की पॉवर अ‍ॅम्पचा निगेटिव्ह फीडबॅकच (आउटपुटचा थोडा भाग मागे देऊन लगाम घालणारी जोडणी) तुटतो. आवरणारं कुणी उरत नाही, खालचा बेस आणि वरची धार दोन्ही मोकाट सुटतात, प्रेझेन्स (वरच्या धारेचा) नॉबही वेगळाच वागायला लागतो. स्पीकर छातीवर ढकलल्यासारखा वाटतो तो याच मोडमध्ये. हा फरक कुठल्याही पेडलने मिळणार नाही, कारण पेडल पुढे असतं आणि हे सगळं शेवटच्या टप्प्यात घडतं.

नावातल्या रेक्टिफायरचं (एसीचा डीसी करणाऱ्या भागाचं) कौतुक मात्र मला नाही. सिलिकॉन डायोड की ५यू४ ट्यूब, हा स्विच मास्टर दोनवर ठेवून घरात फिरवत बसणारे लोक आहेत. पॉवर ट्यूब ढकलल्याशिवाय व्होल्टेज दबणार कुठून?

बिघाडाबद्दल थोडं रिफवालेंच्या बाजूने. मेसाच्या स्विचिंगमध्ये एलडीआर (प्रकाशावर चालणारे रेझिस्टर) असतात, ते म्हातारे होतात. चॅनेल अर्धवट बदलतो, आवाज चोरटा येतो, आणि लोक बिचारे ट्यूबा बदलत बसतात. पण साध्या अ‍ॅम्पलाही रडगाणं असतं. ५१५०मध्ये पॉवर ट्यूबचा बायस (ट्यूबमधून स्थिर किती करंट वाहावा ते) फिरवायची सोयच ठेवलेली नाही, कारखान्यातून थंडच, म्हणजे कमी करंटवर, येतो. ट्रिमपॉट (आतला छोटा नॉब) बसवावा लागतो.

क्वाडवाला

२०२० नंतरही तुम्ही लोक वीस किलोचं खोकं जिना चढवता? मॉडेलर (अ‍ॅम्पची डिजिटल नक्कल करणारं यंत्र) घ्या. हवे तेवढे चॅनेल, प्रत्येकाला वेगळा इक्यू, वेगळा कॅब (स्पीकरची पेटी). विषय संपला.

तिसरी_तार

विषय वेगळा आहे. धागा ट्यूब अ‍ॅम्पचा आहे.

जर्सीसिटीकर

थोडं अवांतर. माझ्याकडे इथला ५१५० आहे, १२० व्होल्टचा. कायमचा नाशिकला परत जातोय. स्टेप-डाउन (व्होल्टेज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर) लावून चालेल का?

सोल्डरगन

चालेल, पण बाजारातला मिक्सरसाठीचा छोटा ट्रान्सफॉर्मर नको. हेडच्या मागे जेवढे वॅट लिहिलेत त्याच्या निदान दीडपट क्षमतेचा घ्या, अर्थिंग असलेला. आणि ६० हर्ट्झसाठी बनलेला पॉवर ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर जास्त तापतो. तासभर वाजवल्यावर त्यावर हात ठेवून बघा. हात टिकत नसेल तर २३० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर बदलून घ्या. आणि कॅब जोडल्याशिवाय चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर गेला तर खर्च मोठा.

घाटावरचा

वाचून डोकं गरगरलं. मला सेकंड हँड ईव्हीएच ५१५० थ्री मिळतोय, ५० वॅटचा. हिरवा आणि निळा चॅनेल एकच इक्यू वापरतात म्हणे, लाल वेगळा. घेऊ का? मेटल वाजवतो, दोन गाण्यांत क्लीन लागतो.

रिफवाला

दोन गाण्यांसाठी तीन चॅनेल! एक जुना सिंगल चॅनेल बघ, उरलेल्या पैशात नॉइज गेट (मधली खरखर बंद करणारं पेडल) आणि चांगला कॅब येईल. कॅबने जेवढा आवाज बदलतो तेवढा चॅनेलने आयुष्यात बदलणार नाही.

तिसरी_तार

@घाटावरचा, घे. मी हाच वापरते. आधी एवढं बघ की कुठल्या आवृत्तीचा आहे. पहिल्यात हिरव्या-निळ्याचा गेनसुद्धा सामायिक होता, नंतरच्यात एकात एक बसवलेले दुहेरी नॉब आले. दुहेरी नॉबवाला मिळाला तर दोन पैसे जास्त दे.

सामायिक इक्यू हिरव्या चॅनेलच्या क्लीनसाठी लाव, बेस पाच-सहाच्या आसपास, मिड थोडे वर. निळ्याला त्याने थोडा ढिसाळपणा येतो, तो ट्यूब स्क्रीमरने जातो (ती एक सूचना रिफवालेंची बरोबर होती). रिफ सगळे लालवर, त्याला स्वतःचा इक्यू आहेच. तिथे बेस चारच्या खाली ठेव, नाहीतर बेसिस्ट भांडायला येईल. आणि फूटस्विच मागून घे त्याच्याकडून. सेकंड हँड व्यवहारात नेमका तोच 'घरी राहिलेला' असतो, आणि त्याच्याशिवाय तुझा तीन चॅनेलचा अ‍ॅम्प रिफवालेंचा होतो.

रिफवाला

शेवटचं वाक्य सोडून बाकी सगळ्याला विरोध.