जजसाहेब गेले

सचिव: कळविण्यास अत्यंत दुःख होते की आपल्या बी विंगमधले निवृत्त न्यायाधीश, आपल्या सगळ्यांचे जजसाहेब, आज पहाटे घरीच वारले. अंत्ययात्रा दुपारी ४ वाजता निघेल, अंबाझरी घाट. गेटसमोरच्या गाड्या ३ च्या आत हलवा, ही विनंती.

ए-२०४: भावपूर्ण श्रद्धांजली 🙏

सी-३०१ काकू: अरे बाप्पा! काल संध्याकाळी तर खाली बाकावर बसून होते. आमच्या नातवाचा प्रोजेक्ट पाहून राहिले होते.

ए-५०३: फार सज्जन माणूस. आमचे बाबा कोर्टात कारकून होते, ते सांगायचे, साहेब जरा नरमच होते म्हणून.

बी-१०२ वकीलताई: दादा, नरम नव्हते हो. तारीख मागायला उभं राहायची भीती वाटायची त्यांच्यासमोर. कायद्यात एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुबी नाही, हे ते आम्हाला हसत हसत ऐकवायचे आणि कामाला लावायचे. पण पक्षकाराशी वागणं वेगळं होतं. एक गोष्ट सांगतेच.

मी नवीन होते. कुहीकडची एक आजी शेताच्या दाव्यात साक्षीला आली होती. पिंजऱ्यात उभी राहिली आणि पाय लटपटायला लागले. साहेबांनी लिहिणं थांबवलं, शिपायाला खुर्ची आणायला लावली, पाणी पाजलं. समोरच्या वकिलांनी एका दमात तीन प्रश्न टाकले, तर म्हणाले, "एकेक विचारा, मलाच समजलं नाही." शेवटी जबानी तिला मराठीत वाचून दाखवली. अशी वाचायची असतेच, पण घाईघाईत उरकून सही घेणारेही असतात. हे थांबून थांबून वाचत होते. मधेच आजी म्हणाली, "नाही साहेब, विहीर धुऱ्याच्या अलीकडं हाय." कागदावर बांधाच्या पलीकडं आलं होतं. त्यांनी लगेच दुरुस्त करून घेतलं.

आजी दावा हरली. कागदच तिच्या बाजूचे नव्हते, मी तिचीच वकील होते, मला माहीत आहे. निकालानंतर साहेबांनी तिला सोप्या भाषेत कारण सांगितलं. मग म्हणाले, "अपील करायचं तर ३० दिवस आहेत. निकालाच्या नकलेचा अर्ज आजच टाका, नकल मिळायला लागलेले दिवस त्यातून वगळतात." बाहेर आल्यावर आजी मला म्हणाली, "पोरी, यानं माहं ऐकलं तरी." हरलेला माणूस असं म्हणतो, हे मी त्या आधी पाहिलं नव्हतं, नंतरही क्वचितच पाहिलं.

डी-२०१: 🙏🙏 डोळ्यांत पाणी आलं ताई.

ए-५०३: हे माहीत नव्हतं. बरं झालं सांगितलंत.

बी-१०२ वकीलताई: विवियन बोस यांचं नाव नेहमी घ्यायचे ते. बोस आपल्या नागपूरच्या लॉ कॉलेजचे प्राचार्य होते, नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती झाले आणि १९५१ मध्ये सुप्रीम कोर्टात गेले. १९५५ च्या संग्राम सिंह खटल्यात त्यांनी लिहिलंय की दिवाणी प्रक्रिया संहिता न्याय सुकर व्हावा म्हणून आहे, लोकांना पायात पाय घालून पाडायला नाही. साहेब ते वाचून दाखवायचे आम्हा ज्युनिअर्सना.

ए-२०४: चौकात एक मोठा फ्लेक्स लावू या का? फोटोसकट. खर्च सोसायटी फंडातून.

डी-२०१: फ्लेक्स नको असं मला वाटते. आमच्या स्वयंपाकाच्या बाईंना नवऱ्याच्या वकिलाची नोटीस आली होती. चार दिवस ती जेवली नाही. साहेबांनी तिला खुर्चीवर बसवून ओळ न ओळ समजावली, आणि म्हणाले, "ही नोटीस आहे बाई, निकाल नाही." मग सांगितलं की मी आता निवृत्त, पण जिल्हा न्यायालयातच विधी सेवा प्राधिकरण आहे, बायकांना तिथं उत्पन्नाची अट नाही, वकील फुकट मिळतो. कुठल्या दारानं आत जायचं तेसुद्धा कागदावर काढून दिलं. ती आता खाली उभी आहे, वर जाऊ की नको म्हणून विचारून राहिली.

बी-४०१: तिला वर पाठवा. मी जिन्यात थांबतो.

सी-३०१ काकू: मीही येते. वहिनींजवळ कोणी तरी बसलं पाहिजे, मुलगा पुण्याहून निघालाय, त्याला वेळ लागेल.

सचिव: फ्लेक्स रद्द. रविवारी सकाळी १० वाजता क्लब हाऊसमध्ये श्रद्धांजली सभा. दुसरं काही करायचं असेल तर सुचवा.

बी-१०२ वकीलताई: महिन्यातून एक रविवार मी खाली बसते. वॉचमन, कामवाल्या, भाजीवाले, कोणाचीही नोटीस, समन्स, करारनामा वाचून सांगेन. केस मी घेणार नाही, पुढं प्राधिकरणाकडं पाठवेन. त्यांची हेल्पलाइन १५१०० आहे, ती लिफ्टजवळच्या बोर्डावर मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत लावा.

ए-५०३: टेबल-खुर्च्या माझ्याकडून. बाबांनाही आणतो रविवारी, त्यांना साहेबांबद्दल बोलायचं आहे.

सचिव: ठीक. बोर्ड आजच लावतो. शववाहिनी ३.३० ला येईल, ए विंगची पांढरी गाडी अजून तिथंच आहे, कोणाची आहे?

ए-२०४: माझी. काढतो लगेच.