नेटवर्किंगची पहिली नोकरी: आधी सीसीएनए की आधी फील्ड?

परभणीकर: पुतण्याचा कॉम्प्युटर डिप्लोमा झाला, नेटवर्किंगमध्ये जायचंय. घरचे म्हणायलेत, सोयाबीन विकून पुण्याला क्लास लावू, सीसीएनए, म्हणजे सिस्को कंपनीची नेटवर्किंगची प्रमाणपत्र परीक्षा, करू दे. माझं मत वेगळं आहे. आधी इथल्याच फायबरवाल्याकडं कामाला लागावं, परीक्षा नंतर. कामाचा अनुभवच नसलेलं लेकरू मुलाखतीत सांगणार काय?

औसेकर, सध्या पुणे: काका, अजिबात पटलं नाही. मी नॉकमध्ये, म्हणजे नेटवर्कवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्रात आहे, नव्या पोरांच्या मुलाखती घेतो. अर्जांच्या ढिगातून नाव वर यायचं तर सीसीएनए लागतं. क्लास मात्र कशाला? पॅकेट ट्रेसर, म्हणजे कॉम्प्युटरवरच नकली नेटवर्क उभं करून सराव करायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे. व्हीलॅन (नेटवर्कचे वेगळे भाग पाडणं), ओएसपीएफ (राउटरनं वाट शोधणं), एसीएल (कुणाला जाऊ द्यायचं याचे नियम), सगळा सराव परभणीत बसून होतो. खर्च फक्त परीक्षेचा, 300 डॉलर आणि वर कर. फील्डवर गेलेलं पोरगं तिथंच अडकतं.

वाळूज एमआयडीसी: अडकतं कसं? मी फील्डवरच शिकलो. पॅकेट ट्रेसरमध्ये जेसीबी फायबर तोडत नाही. गिऱ्हाईकाकडं लाल दिवा लागला की फायबरमधला उजेड मोजणारा पॉवर मीटर लावायचा. उजेडच नाही तर तार तुटली. उजेड उणे 27 डीबीएमच्याही (हे तो मोजायचं एकक) खाली असेल तर कुठं तरी वाकलीय, नाहीतर स्प्लाइस, म्हणजे जोड, कच्चा. कारखान्यात कॅमेऱ्याची तांब्याची केबल 100 मीटरच्या पुढं ओढली की लिंक येते-जाते. हे शिडीवर चढल्याशिवाय कळत नाही.

औसेकर, सध्या पुणे: मान्य. पण मी विचारतो, पीसीला 169.254 नं सुरू होणारा पत्ता का आला? /26 च्या नेटवर्कमध्ये होस्ट, म्हणजे पत्ता देता येणारी यंत्रं, किती? फील्डवरची बरीच पोरं म्हणतात, राउटर बंद-चालू केला. डीएचसीपीकडून, म्हणजे आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून, पत्ताच मिळाला नाही, हे कारण सांगता यायला हवं. 62 हे उत्तरही तोंडावर हवं.

लातूरची लेक: तुम्ही सगळे पोरांचंच बोलायलात. मला ठेकेदारानं तोंडावर सांगितलं, खांबावर चढायचं काम आहे, मुली घेत नाही. माझ्यासाठी प्रमाणपत्र हीच एक वाट होती. त्यावर हेल्पडेस्क मिळालं, आता स्विच कॉन्फिगर करते. म्हणून "परीक्षा नंतर" हा सल्ला सरसकट देऊ नका.

परभणीकर: ताई, तुमचं म्हणणं पटलं, पोरींचा विचार मी केलाच नव्हता. क्लासचा बेतही रद्द. पण पंचवीस हजारांच्या पुढं जाणारी परीक्षेची सगळी फी त्यानं स्वतःच्या पगारातूनच भरावी, यावर मी ठाम आहे.

औसेकर, सध्या पुणे: तिथंच चुकतंय काका. फायबरवाल्याच्या पगारातून एवढे साठायला वर्ष जाईल. फी घरून भरा, तारीख आत्ताच घ्या.